नाकातले दोन थेंब

आजी तेलाची वाटी घेऊन बाळाची टाळू भरते, ती जागा तुमच्या परिचयाची आहे. नवजात अतिदक्षता कक्षात त्याच मऊ जागेवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात. तिथं हाडं जुळलेली नसतात, म्हणून आतला मेंदू दिसतो. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात कधीकधी तिथं रक्तही दिसतं. मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांलगतच्या रक्तवाहिन्या त्या वयात फार नाजूक असतात. फुटल्या तर बहुधा पहिल्या तीन दिवसांतच फुटतात. कप्प्यांत पाणी साठलं तर काढता येतं, नळी बसवता येते. पण गेलेला मेंदू भरून काढणारं औषध आज कोणाच्याच कपाटात नाही.

म्हणून जर्मनीतल्या कोलोनच्या डॉक्टरांनी २०१९ साली छापलेलं निरीक्षण महत्त्वाचं. मोठा रक्तस्राव झालेली ३१ बाळं. त्यांतल्या १६ जणांच्या नाकात रोज आईचं ताजं दूध थेंबाथेंबानं सोडलं, किमान २८ दिवस. पुढं मेंदूत मोठी पोकळी पडण्याचं प्रमाण या बाळांत २१ टक्के, उरलेल्यांत ५८ टक्के. आकडे कानाला गोड लागतात, पण बाळं मोजकी आहेत आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक पुरेसा उतरत नाही. ही आशा आहे, उपचार म्हणून सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

नाकच का? गंधाच्या नसा नाकातून थेट मेंदूकडे जातात. दुधात मज्जापेशींना पोसणारे घटक असतात, जिवंत स्टेम सेलही असतात. पोटात गेले की पचनरस त्यांतल्या बऱ्याचशांची वासलात लावतात. (चरकसंहितेतही स्त्रीदुधाचं नस्य आहे, पण ते रक्तपित्तासाठी, म्हणजे नाका-तोंडातून रक्त येण्याच्या विकारासाठी. ‘आमच्याकडे हे होतंच’ म्हणायची घाई नको.)

मग दुग्धपेढीचं दूध चालेल का? मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी काढली. पेढीचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. जंतू मरतात, तशा पेशीही मरतात. आई जवळ नसलेल्या बाळाच्या आतड्यांना ते मोठा आधार देतं. नाकातल्या या प्रयोगाला मात्र त्याचा उपयोग नाही. तिथं स्वतःच्या आईचं, नुकतंच काढलेलं दूधच लागतं.

आणि आपल्याकडे आई असते कुठं? बाळ काचेच्या पेटीत, बाळंतीण सव्वा महिना माहेरच्या खोलीत, कानाला रुमाल बांधून! पहिल्या दिवशी वाटीत जेमतेम चमचाभर पिवळा चीक येतो आणि ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लागतो. त्या बाळाला तेवढा चमचा खूप असतो.

घरी कुणीही बाळाच्या नाकात दूध घालू नका, श्वास अडकेल. तुमच्या सुनेचं बाळ पेटीत असेल, तर तिचा डबा वेळेवर पोचवा, दर दोन-तीन तासांनी तिला दूध काढू द्या आणि बाळाशेजारी बसू द्या.