वाढवलेल्या बांगडीचे पुढे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी फुलसावंगी येथे दिलेले भाषण)



बांगडी ‘फुटली’ असे आपण म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. पण ती वाढवलेली काच मात्र खुशाल उकिरड्यावर टाकतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेतात निंदणाला आलेल्या एका बाईच्या तळपायात काच शिरली. ती शेणखतातून आलेली, आणि खत माझ्याच उकिरड्याचे! ऐन हंगामात तिची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. मजुरी मी भरून दिली. तिचे दुखणे कसे भरून देणार? शेण कुजते, पालापाचोळा कुजतो. काच कुजत नाही.

मग तिचे करावे काय? वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवून काच होते. त्यात फुटकी काच मिसळली तर माल लवकर वितळतो. शंभरात दहा भाग अशी काच घातली, तर दोन-तीन टक्के इंधन वाचते. कितीदाही वितळवा, तिचा कस जात नाही.

हा धंदा आपल्याला परका नाही. लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला; त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला.

घरी आपण एवढे करावे. धड बाटली-बरणी धुऊन पुन्हा वापरावी. फुटकी काच पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगळी ठेवावी; रंग मिसळले की स्वच्छ पांढरी काच होत नाही. कपबशीचे तुकडे त्यात घालू नयेत. चिनी माती त्या भट्टीत विरघळत नाही. तिचा खडा नव्या बाटलीत राहतो आणि बाटली तिथेच तडकते. आरसा आणि बल्बही निराळे ठेवावेत. ट्यूब आणि जुना तापमापक यांत पारा असतो, म्हणून ते फोडू नयेत. काच घरी कुटूही नये; तिची धूळ छातीत जाते.

एका घरच्या चार तुकड्यांसाठी भंगारवाला थांबत नाही. म्हणून मंडळाच्या खोलीत तीन पत्र्याचे डबे ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. तुकडे जाड रद्दीत गुंडाळून आणावेत. पोते भरले की ते एकदम देता येईल.

विक्रीचे पैसे थोडेच येतील. पण पुढच्या निंदणाला कोणाचा पाय कापला नाही, तर तीच आपली मोठी कमाई.