पेटीवरचें नांव आणि पेटींतले सूर

भाद्रपद जवळ आला, म्हणजे अलिबागपासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गांवोगांवच्या भजनी मंडळांची लगबग सुरू होते. पखवाजाची वादी ओढली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, आणि पावसाळाभर जाजमांत गुंडाळून ठेवलेली पेटी माजघरांतून बाहेर येते. खाऱ्या, दमट हवेंत राहिलेल्या त्या पेटीच्या दोन-चार पट्ट्या दबतात त्या वर येत नाहींत; एखादा सूर मुका झालेला असतो; भात्याला झुरळांनीं वाट पाडलेली असते. मग देवळांत बैठक भरते आणि ठरतें, कीं यंदां पेटी बदलावयाची. नवी उत्तम पेटी वर्गणींत बसत नाहीं. म्हणून जुनी, पण नांवाची पेटी पाहण्यास मंडळांतील दोघे जाणते गृहस्थ मांडव्याहून लाँचनें मुंबई गांठतात.

तेथें त्यांच्यापुढें एक पेटी मांडली जाते. "अस्सल पॅरिस सूर आहेत, बुवा! शंभर वर्षांची पेटी. आतां अशी मिळायची नाहीं," असें विक्रेता सांगतो. दर्शनी फळीवर एका जुन्या पेढीचें नांव पितळी अक्षरांनीं चमकत असतें. तें नांव पाहून आणि तो शब्द ऐकून सांगितलेली किंमत गृहस्थांना रास्त वाटूं लागते. 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' ही म्हण लहानपणीं शाळेंत शिकलेलीं माणसेंही त्या क्षणीं ती विसरतात. जुन्या वाद्यांच्या विक्रींत कर्त्याच्या नांवाविषयीं आणि मोलाविषयीं जीं विधानें केलीं जातात, त्यांत तथ्य किती आणि भुलावण किती, याचा विचार म्हणूनच प्रत्येक संगीतप्रेमी कुटुंबानें आधीं करून ठेवण्यासारखा आहे.

'पॅरिस सूर' हा शब्द मुळांत पोकळ नाहीं. पेटी हें वाद्यच फ्रान्समधून आलेलें. १८४० च्या सुमारास पॅरिस येथील अलेक्झांडर देबेन यानें त्याला हार्मोनियम हें नांव दिलें. ती पेटी पायानें भाता मारून, खुर्चीवर बसून वाजविण्याची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास तिला मांडी घालून, एका हातानें भाता हलवून वाजवितां येईल असें रूप दिलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलें आणि संगीत नाटकांचें युग सुरू झालें. पुढें गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनीं पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. नाटकगृहांतून ती कीर्तनांत, भजनांत आणि घरांघरांत शिरली. या पेट्यांचीं लांकडी घरें मुंबईंत व कलकत्त्यास बनत. पण आंतले सूर बहुधा पॅरिसहून किंवा जर्मनींतून येत. परदेशी सूर येण्याचे बंद झाले, तेव्हां सौराष्ट्रांतील पालिताण्याच्या कारागिरांनीं केलेल्या सुरांनीं ती जागा भरून काढली. जुन्या परदेशी सुरांचा गोडवा जाणकार मानतात. त्यांना मागणी आहे. आणि जेथें मागणी, तेथें नक्कल ही ओघानेंच आली.

सर्व घोटाळ्याचें मूळ असें आहे, कीं पेटीला एकच कर्ता नसतो. लांकडी घर एकाचें, सूर दुसऱ्याचे, भाता कदाचित् तिसऱ्याचा आणि सूर लावणारा हात चौथ्याचा. सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाशीं जडलेली पितळेचीच बारीक जीभ. हवेच्या झोतानें ती पट्टींतील फटींत कांपते आणि स्वर उमटतो. सवातीन सप्तकांच्या पेटीला ३९ पट्ट्या असतात. सुरांच्या दोन ओळी असल्या, म्हणजे एकंदर ७८ सूर झाले. हे सूर सुटे असतात. पाहिजे तो काढावा, पाहिजे तो बसवावा. म्हणून ७८ पैकीं दहा-बारा सूर पॅरिसचे आणि बाकीचे पालिताण्याचे असले, तरी "हिच्यांत पॅरिस सूर आहेत" हें वाक्य अक्षरशः खरें ठरतें! खोटें न बोलतां फसविण्याची ही युक्ति आहे. दर्शनी फळीवरचें नांव तर याहूनही दुबळा पुरावा. एका मोडक्या पेटीवरून उतरून दुसरीवर चढण्यास त्याला फार वेळ लागत नाहीं. शिवाय तें नांव खरें असलें, तरी फार तर घराविषयीं सांगतें; आंतल्या रहिवाशांविषयीं नाहीं.

'शंभर वर्षांची' या विशेषणाचीही तीच गत. वय हा कांहीं गुण नव्हे. सूर लावतांना स्वर चढवावयाचा असला, तर जिभेच्या टोकाजवळ घासतात. उतरवावयाचा असला, तर मुळाजवळ. दर खेपेस थोडें पितळ झडतें. अनेक हातांनीं अनेक वेळां घासलेला पॅरिसचा सूर नांवानें पॅरिसचा उरतो, गुणानें नव्हे. मुळाशीं क्षीण झालेली जीभ ऐन रंगांत आलेल्या अभंगांत तुटते. किनाऱ्यावरील घरांतून आलेली पेटी "कधींच उघडलेली नाहीं" असें कोणी सांगितलें, तर विशेष सावध व्हावें. खाऱ्या हवेनें पोलादी कमानी व स्क्रू गंजतात, पितळेवर हिरवट कळा चढते, पावसाळ्यांत लांकूड फुगतें. अशा ठिकाणीं कित्येक दशकें काढूनही आंतून लखलखीत असलेली पेटी एक तर उघडलेली आहे, नाहीं तर त्या घरची नाहीं.

हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. इटलींतील क्रेमोना येथील अंतोनियो स्त्रादिवारी १७३७ सालीं वारला. एकोणिसाव्या शतकांत जर्मनी, बोहेमिया व फ्रान्स येथील कारखान्यांतून त्याच्या नांवाची चिठ्ठी पोटांत चिकटवून हजारों व्हायोलिनें बाहेर पडलीं. पुष्कळदां त्या चिठ्ठीचा अर्थ 'स्त्रादिवारीच्या नमुन्यावर' एवढाच असे. पण दोन पिढ्या गेल्या, घेणारा गेला, चिठ्ठी तेवढी राहिली. आणि आजोबांच्या माळ्यावर मोठा ठेवा सांपडला, असा नातवाला भास होऊं लागला. कांहीं चिठ्ठ्यांवर तर "जर्मनींत तयार केलेलें" असेंही इंग्रजींत छापलेलें असतें! परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असावें, असा अमेरिकेचा कायदा १८९० सालचा. तेव्हां असें वाद्य स्त्रादिवारीच्या हातचें नाहीं, हें सांगण्यास तज्ज्ञ लागत नाहीं.

आजच्या तरुणांच्या आवडीच्या विजेच्या गिटारींतही हीच कथा आहे. पुष्कळ गिटारींची मान धडाला स्क्रूंनीं जोडलेली असते. म्हणून नांव असलेली मान एकीची आणि धड दुसरीचें, असा संकर सहज होतो. १९७७ सालीं गिब्सनच्या मालक कंपनीनें आयबानेझ या जपानी गिटारी अमेरिकेंत विकणाऱ्या कंपनीवर फिर्याद केली. वाद होता तो गिटारीच्या शेंड्याच्या आकाराचा, आणि पुढच्याच वर्षीं तो आपसांत मिटला. परंतु त्या काळची वाटेल ती जपानी नक्कल 'खटल्यांतली गिटार' म्हणून चढ्या भावानें विकण्याची प्रथा मात्र पडली. जणूं ती मूळ गिटारीइतकी उत्तम असल्याचा दाखला न्यायालयानेंच दिला होता! शब्द एकदां वस्तूपासून सुटला, कीं पुढें तो शब्दच विकला जातो. आपल्याकडे मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें चांगलेंच झालें. पण तेंही गांव सांगतें; तंबोरा कोणत्या कारागिराच्या हातचा, हें नव्हे.

फसगत नेहमीं घेणाऱ्याचीच होते, असेंही नाहीं. चौल-रेवदंड्याकडच्या वाडींतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. घरधनी कीर्तनाला पेटीची साथ करणारे, ते गेले. मुलें मुंबईस नोकरीला. पेटी कोनाड्यांत धूळ खात पडलेली. एके दिवशीं जुन्या वस्तु विकत घेणारा दारांत येतो, झांकण उचलून आंत पाहतो आणि मान हलवून म्हणतो, "काकी, भाता फाटलाय, लांकडाला वाळवी लागलीय. हिचं आतां कांहीं व्हायचं नाहीं. जळणाच्या भावानं द्या." त्या माउलीला फाटलेला भाता दिसतो; सूर दिसत नाहींत. भाता नवा बसवितां येतो, पण तसले सूर नव्यानें मिळत नाहींत, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. यजमानांनीं जन्मभर जपलेली वस्तु ती आपल्या हातानें उचलून देते. कांहीं महिन्यांनीं त्यांतलेच थोडे सूर दुसऱ्या घरांत बसून, 'अस्सल पॅरिस' या नांवाखालीं, भजनी मंडळाच्या त्या दोघां गृहस्थांपुढें येतात. एकाच मालावर एकदां मोल लपवून कमाई होते आणि एकदां मोल फुगवून.

मग करावें काय? पहिली गोष्ट, पेटी उघडून पहावी. जो विक्रेता झांकण काढूं देत नाहीं, त्याच्याकडून पेटी घेऊं नये. सुरांची फळी दिसली, कीं किती सुरांवर कोणता छाप आहे, हें मोजावें आणि आंकडा लिहून ठेवावा. छापाचीही नक्कल होते. म्हणून शेवटचा निकाल कानाचा. भाता भरून, एकही पट्टी न दाबतां थोडें थांबावें. हवा लवकर निघून गेली किंवा एखादा स्वर आपोआप गुणगुणूं लागला, तर गळती आहे असें समजावें. मग अगदीं हलक्या हवेंत एकेक पट्टी दाबावी. चांगला सूर तेवढ्यानेंही चटकन् बोलतो. थकलेला सूर अडखळतो. खर्जाची व नराची ओळ वेगवेगळी ऐकावी. पेटी दुरुस्त करणारा कारागीर बरोबर न्यावा. त्याला दिलेली दिवसाची मजुरी वायां जात नाहीं.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारावा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावें. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें विक्रेता नुसता गप्प राहिला, तर ती सहसा लबाडी ठरत नाहीं. पण जाणूनबुजून खोटें सांगून त्यानें सौदा करविला, तर घेणाऱ्याला तो रद्द करून मागतां येतो. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें वर्णन करून विकलेली वस्तु त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. परंतु तोंडचें वर्णन वाऱ्यावर जातें, आणि "जुनी पेटी, नग एक" ही पावती म्हणजे वर्णन नव्हे. "पट्ट्या ३९, ओळी दोन, ७८ सुरांपैकीं इतके अमुक छापाचे, बाकीचे अमुक, घर अमुक पेढीचें, भाता नवा" अशी पावती जो खुशीनें देतो, त्याला चार पैसे अधिक देण्यास हरकत नाहीं. विकणाऱ्या घरानेंही सुरांची अशी मोजदाद करविल्यावांचून कोणाचा भाव मान्य करूं नये.

मंडळाच्या पेटीचा पैसा कोळीवाड्यांतून, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून, मुंबईच्या चाकरमान्यांच्या पगारांतून थोडा थोडा करून जमलेला असतो. तो चुकीच्या नांवावर गेला, तर पुन्हां त्याच दारांत वर्गणी मागण्यास तोंड राहत नाहीं. पालिताण्याच्या सुरांची पेटी पालिताण्याची म्हणून, तिच्या योग्य भावानें घेतली, तर त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. नीट लावलेली असली, तर आरतीला ती गोडच बोलते. फसगत तिच्या सुरांनीं होत नाहीं. त्यांना दुसऱ्याचें नांव दिल्यानें होते.