माऊली आणि मुक्ताई



ज्येष्ठात मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. मलकापूर, मोताळा, बुलढाणा, चिखली करत ती आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून पायी जाते आणि पुढे जालन्याच्या वाटेला लागते. आपल्याच शेगावहून गजानन महाराजांची पालखीही वारीला जाते. दोन्हीकडे एक हाक सतत कानावर पडते : माऊली. "माऊली, पाणी घ्या." "माऊली, जरा सरकून बसा." बाई असो की बाप्या, लहान असो की थोर, सगळे माऊली. आळंदीचे ज्ञानेश्वर माऊली, आणि शेगावचे महाराजही भक्तांच्या तोंडी गजानन माऊली.

ज्याच्या पायावर डोकं ठेवायचं, त्या पुरुषाला आपण आई म्हणतो. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचं नवल वाटेनासं झालं. मला मात्र ती आपल्या भक्तिपरंपरेची मोठी कमाई वाटते.

तिचं मूळ शोधायला ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघडावा. हा भक्तियोगाचा अध्याय. त्याच्या आरंभी ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला वंदन करतात आणि तिला सरळ आई करून टाकतात. संबोधनं सगळी स्त्रीलिंगी. ही आई साधकाला आधारशक्तीच्या मांडीवर वाढवते, हृदयाच्या आकाशाचा पाळणा करून झोके देते, अनाहत नादाचं अंगाईगीत गाते. नाथपंथाचा अवघड कुंडलिनीयोग आणि घरातलं तान्हं बाळ ज्ञानदेवांनी एकाच पाळण्यात आणून ठेवलं. त्यांचे गुरू म्हणजे सख्खे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. पण कृपेचं रूप रेखाटताना त्यांना आईच दिसली. तेराव्या अध्यायात गुरुभक्तीचं वर्णन येतं. तिथेही शिष्य कधी गुरूला पक्षीण करतो आणि आपण पिलू होऊन तिच्या चोचीतला चारा घेतो.

ही रीत वारकऱ्यांपुरती नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला गोविंदप्रभू होते. ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू. लोक त्यांना माय म्हणत आणि बापही म्हणत. आमच्या वऱ्हाडात आईला मायच म्हणतात, त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीची ती हाक आजही परकी वाटत नाही.

आता ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीकडे, मुक्ताईकडे वळू. तिला आपण म्हणतो आदिशक्ती. पालखी गावात आली की बायका तिची ओटी भरतात, जशी रेणुकेची भरावी तशी. त्या बायकांच्या डोळ्यांतला भाव खरा असतो आणि मला तो पूज्य आहे. पण एक गोष्ट मनाला लागते. पुरुष गुरूला आपण आई म्हटलं, तरी त्याचं गुरूपण कायम राहिलं. त्याचे ग्रंथ वाचले जातात, त्यांवर प्रवचनं होतात. मुक्ताईला देवी म्हटलं, आणि तिचं गुरूपण देव्हाऱ्यात मागे सरकलं.

तिचं गुरूपण केवढं होतं! जेमतेम अठरा वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात योगी चांगदेव तिचे शिष्य झाले. कथा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षं जगलेले. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र धाडलं ते कोरंच, कारण मायना काय लिहावा हेच त्यांना कळेना. मुक्ताई म्हणाली, एवढं जगूनही हा कोराच राहिला! ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. पण पुढे चांगदेवांना उपदेश केला तो मुक्ताईनं. कुंभार गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली, तेव्हा कोणतं मडकं कच्चं आणि कोणतं पक्कं याची परीक्षा करायला लावणारीही तीच. त्या परीक्षेत नामदेव कच्चे ठरले आणि मग त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा ताटी उघडायला सांगणारे अभंग तिचेच. त्या अभंगांत धाकटी बहीण थोरल्या भावाला संताची लक्षणं समजावते. हे काम गुरूचं आहे.

पुरुष गुरूच्या आईपणाचा एक दाखला आपल्या जवळचाच आहे. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथात मुंडगावच्या बायजाबाईंची हकिगत आहे. पुंडलिक नावाच्या तरुण भक्तासोबत ती शेगावला येई, म्हणून घरच्यांनाच तिचा संशय आला. महाराजांनी तो संशय खोडून काढला आणि हिच्या लग्नाच्या मागे लागू नका, असं तिच्या बापाला बजावलं. त्या काळातल्या खेड्यातल्या बाईला भक्तीची वाट मोकळी करून दिली. आईची माया म्हणतात ती हीच, आणि महाराजांना माऊली म्हणताना मला नेहमी बायजाबाई आठवते.

आणि बाईला देवी म्हटलं की तिचं गुरूपण मागे पडतंच, असंही नाही. बंगालमध्ये रामकृष्ण परमहंसांनी आपल्या पत्नीची, शारदादेवींची, देवी म्हणून षोडशी पूजा केली. गोष्ट तिथे थांबली नाही. 1886 साली रामकृष्ण गेले. त्यानंतर 1920 पर्यंत शारदादेवींनी असंख्य लोकांना स्वतः मंत्रदीक्षा दिली. पूजा झाली आणि गुरूचा अधिकारही मिळाला. मुक्ताईच्या प्रदेशात आपण निदान एवढं करायला हवं.

श्रोतेहो, यंदा पालखी तुमच्या गावी मुक्कामाला येईल तेव्हा ओटी भराच, वारकऱ्यांना पिठलं-भाकर वाढाच. पण त्या रात्री देवळात ताटीचे अभंग म्हणा, शाळेतल्या मुलींना म्हणायला लावा, आणि त्यांचा अर्थ सांगायला गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला पुढे बसवा. गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाचा मान एखाद्या वर्षी महिला कीर्तनकाराला द्या. सप्ताहाच्या कमिटीत तुम्ही असाल, तर हा विषय पुढच्या बैठकीतच काढा.