सावित्रीचे पाणी आणि सरासरीचा हिशेब

(महाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर मी बोलावे, अशी आपली सूचना होती. सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटरांचे आणि ७२० किलोमीटर किनाऱ्याचे हे राज्य एका व्याख्यानात मावणारे नाही. म्हणून मी महाड आणि पोलादपूर या दोनच तालुक्यांविषयी बोलणार आहे. माझा जन्म याच डोंगरातला. परंतु विषय निवडण्याचे कारण जन्मभूमीच्या ओढीपेक्षा वेगळे आहे. राज्याच्या विकासाच्या हिशेबातील एक मूलभूत चूक येथे अगदी उघडी दिसते.

प्रथम भूगोल पाहू. कृष्णा, कोयना आणि सावित्री या तिन्ही नद्या महाबळेश्वरच्या एकाच डोंगरमाथ्यावर उगम पावतात. कृष्णा व कोयना घाटावर राहिल्या. त्यांच्यावर धरणे झाली, कालवे निघाले, उसाचे मळे पिकले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्या कारखान्यांच्या आधाराने राज्याचे राजकारणही उभे राहिले. सावित्री मात्र पश्चिमेला उतरली. पोलादपूर, महाड, दासगाव करीत सुमारे शंभर किलोमीटरांतच ती हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, खोरे अरुंद, हे खरे. मोठे धरण येथे सोपे नाही, हेही खरे. परंतु लहान बंधारे, गावतळी, झऱ्यांची राखण यांना कोणता भूगोल आडवा येतो?

आता इतिहास. घाटावरचा माल महाडच्या बाजारात उतरावा आणि सावित्रीच्या भरतीवर गलबतांतून मुंबईकडे जावा, असा येथला जुना व्यवहार होता. १६७४ साली ज्या रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो याच महाड तालुक्यातला. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपुरातले. या गौरवाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. मात्र याच भूमीत कुळाने पिकवावे आणि खोताने उचलावे, ही खोतीची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली, याचे स्मरण आपण कमी करतो.

बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. त्याच १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला. पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क हे त्यांच्या दृष्टीने एकच प्रश्न होते. खोतीचा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली झाला. तोवर जमिनीचे तुकडे पडून गेले होते. आजही एकेका सातबारावर वीस-वीस सामाईक नावे आहेत, त्यांतली निम्मी मुंबईत किंवा सुरतेत. अशा खाचरावर बँक कर्ज देत नाही आणि अशा वरकस जमिनीत कोणी कलम लावत नाही.

मग जगावयाचे कशावर? माझ्या लहानपणी त्याचे उत्तर पोस्टमनच्या पिशवीत असे. महिन्याच्या दहा तारखेनंतर गावातल्या बाया पायवाटेकडे डोळे लावून बसत. पोस्टमन मनिऑर्डरीच्या खालचा मजकूर वाचून दाखवी, आई अंगठा उठवी, आणि त्याच पैशांतून वाण्याची उधारी फिटे. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त कामगार मिळाला, कारण त्याच्या बायकामुलांचा खर्च गावची नाचणी सोसत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तेव्हा मी विद्यार्थी होतो. गावी परतलेली ती माणसे संध्याकाळी पारावर गप्प बसून असत, ते मी पाहिले आहे. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे मनोरे उठले. त्या किमतीत आमच्या गावच्या नाचणीचा वाटा कोणी धरला नाही.

येथे कोणी म्हणेल, महाडला औद्योगिक वसाहत आली, वीरला कोकण रेल्वेचे स्थानक झाले, महामार्ग रुंद झाला. हे सारे मान्य. परंतु रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा भार खाडीवर पडला आणि खाडीवर जगणाऱ्या भोई-कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली. २००५ साली दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. त्याच वेळी महाड शहर पाण्यात होते, आणि पोलादपुरातही दरडी कोसळल्या होत्या. पाऊस निसर्गाचा, पण दोन दरडींमधल्या सोळा वर्षांत धोक्याच्या वाड्या सुरक्षित जागी न हलणे हे निसर्गाचे काम नव्हे.

आता त्या मूलभूत चुकीकडे येतो. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा ठरविला. असा हिशेब प्रथमच झाला, हे त्या समितीचे मोठेच काम. परंतु तिचे माप जिल्ह्याचे होते. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली, तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा यांना आपापली मंडळे मिळाली. कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त गेले. रायगड जिल्ह्याच्या सरासरीत पनवेल आणि उरण आहेत, न्हावा-शेवा बंदर आहे, थळचा खत कारखाना आहे. त्या संपन्नतेला पोलादपूरच्या दारिद्र्यात मिळवून भागले की उत्तर ‘प्रगत जिल्हा’ असे येते. सरासरी खोटी नसते. ती फक्त पोलादपूरला अदृश्य करते.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत सांगतो. अनुशेष तालुकावार मोजावा आणि निधी त्या मापाने द्यावा. धोक्याच्या वाड्यांचे पुनर्वसन दरड कोसळण्यापूर्वी, ग्रामसभेच्या संमतीने आणि शेतापासून जवळ व्हावे. सामाईक सातबारांची फोड सरकारने स्वखर्चाने करून द्यावी. यांतले एकही कलम क्रांतिकारक नाही. १९२४ सालचा नगरपालिकेचा ठरावही क्रांतिकारक नव्हता. तो अंमलात येत नव्हता, म्हणून सत्याग्रह करावा लागला.

आपण कार्यकर्ते आहात. पुढच्या महिन्यात वाड्यांवर जाल तेव्हा घोषणांच्या आधी वही काढा. कोणत्या वाडीचा झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या घरामागे डोंगराला भेग आहे, एवढे लिहून आणा. सरासरीला उत्तर द्यावयाचे तर ते अशा नोंदींनीच देता येईल.