नैराश्यावरील औषधे : तुलना आणि निवड

(हिद्द, बहारीन येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यविषयक व्याख्यानांत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना नेहमीच मानाचे स्थान मिळते. नैराश्याला मात्र ते क्वचितच लाभते. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या आम्हा डॉक्टरांपुढे रुग्ण बसतो, तेव्हा तो 'मन खचले आहे' असे म्हणत नाही. पाठ दुखते, झोप लागत नाही, पित्त होते, अंगात त्राण उरले नाही, असे तो सांगतो. कुटुंब विदर्भात वा मराठवाड्यात ठेवून हिद्दच्या गोदीत, बंदरात आणि कारखान्यांत पाळीने राबणारा कामगार असो, की दिवसभर चार भिंतींत एकटी राहणारी गृहिणी असो. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला आणि त्यासोबत झोप, भूक व एकाग्रता ढासळली, तर तो स्वभावदोष नव्हे, आजार होय. आणि आजार म्हटला की उपचार आलेच.

औषध सुचविताच आम्हांला हमखास विचारले जाते, 'डॉक्टरसाहेब, यांतली सर्वांत चांगली गोळी कोणती?' आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे.

या औषधांचा इतिहास फार जुना नाही. स्वित्झर्लंडमधील रोलँड कून यांनी 1957 साली इमिप्रामिनचा गुण प्रथम प्रसिद्ध केला. अमिट्रिप्टिलिन त्याच कुळातले. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्याच्या जातकुळीतील औषधे आज प्रथम पसंतीची ठरली आहेत. 2018 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व 21 औषधे निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरली. परंतु त्यांचे आपसांतील अंतर फार मोठे नव्हते. गुणात अमिट्रिप्टिलिन अग्रभागी होते. एस्सिटालोप्राम रुग्णांना अधिक सोसवले. तात्पर्य, स्वस्त आणि जुने ते हिणकस, महाग आणि नवे ते उत्तम, ही समजूत निराधार आहे.

मग निवड कशावर करावी? आमचे उत्तर असे की, गोळीकडे पाहून नव्हे, माणसाकडे पाहून. अमिट्रिप्टिलिनने गुंगी येते, तोंड कोरडे पडते, घाम कमी होतो. येथील उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्याला घाम न येणे धोक्याचे, आणि क्रेन चालविणाऱ्याला गुंगी त्याहून धोक्याची. शिवाय हे औषध अतिमात्रेत घेतल्यास हृदयावर घातक परिणाम होतो. म्हणून ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळतात, त्याच्या हाती त्याचा साठा देऊ नये. मिर्टाझापिनने झोप व भूक सुधारते, पण वजन वाढते. मधुमेह्याच्या बाबतीत ते जपून वापरावे. फ्लुऑक्सेटिन शरीरात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी फारसे बिघडत नाही. उलट पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन एकाएकी थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता असा त्रास उद्भवतो. सर्ट्रालिनच्या कुळातील औषधांनी प्रारंभी मळमळ होते, काहींची कामेच्छा मंदावते. रजेवर गावी जाणारे अनेकजण याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात. लाज न बाळगता ते डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल वा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगावे, कारण या कुळातील औषधांसह पहिल्याने झटके येऊ शकतात आणि दुसऱ्याने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला असल्यास तेही लपवू नये. अशा रुग्णाला केवळ नैराश्याचे औषध दिल्यास उन्माद उसळू शकतो.

या संदर्भात आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण मननीय आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत फ्लुऑक्सेटिन, निर्गुण गोळी आणि समुपदेशन यांची तुलना केली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन महिन्यांनंतर फ्लुऑक्सेटिन सरस ठरले, समुपदेशन मात्र निर्गुण गोळीहून वरचढ ठरले नाही. तथापि अभ्यासकांनी समुपदेशनाचा नाद सोडला नाही. त्यांनी त्याची पद्धत बदलली आणि सामान्य माणसांनाच प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांचा समावेश होता. ज्यांना नेहमीच्या उपचारासोबत असे सहा ते आठ वेळा समुपदेशन मिळाले, त्यांपैकी 64 टक्के तीन महिन्यांत बरे झाले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. अर्थ स्पष्ट आहे. योग्य रीतीने, नियमाने केलेला संवाद हाही उपचार आहे. आजार सौम्य असेल तर आधी त्याचाच अवलंब करावा. तीव्र असेल तर औषध आणि संवाद दोन्ही हवेत.

उत्तम निवडही अर्धवट घेतल्यास वाया जाते. परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. अनेक रुग्ण याच टप्प्यावर माघार घेतात. पहिल्या औषधाने पूर्ण बरे होणारे थोडे. अमेरिकेतील 2006 च्या एका मोठ्या अभ्यासात ते सुमारे एक तृतीयांश होते. म्हणून पहिले औषध लागू पडले नाही म्हणजे सारे संपले, असे मानू नये. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे आणि थांबविताना ते हळूहळू कमी करावे. इंग्लंडमधील जनरल प्रॅक्टिसच्या रुग्णांवरील 2021 च्या अभ्यासात, दीर्घकाळ घेतलेले औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, तर बंद करणाऱ्यांत 56 टक्क्यांना. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी : बंद करणाऱ्यांपैकी 44 टक्के सुखरूप राहिले. म्हणजे गोळी जन्मभराचे बंधन नव्हे. मात्र थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्यावा.

भारतातून औषधे आणताना चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवावे. झोपेसाठी म्हणून मित्राकडून अल्प्राझोलाम घेणे तर कटाक्षाने टाळावे. ते नैराश्याचे औषध नव्हे, त्याची सवय जडते आणि ते नियंत्रित औषधांत मोडते.

शेवटी एक विनंती. आपल्या खोलीतील सोबती जेवेनासा झाला, घरी फोन करेनासा झाला, 'माझ्यावाचून सर्वांचे बरे चालेल' असे बोलू लागला, तर त्याला उपदेश करू नका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्याला एकटे सोडू नका, त्याच्या गोळ्या आपल्या ताब्यात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. प्रसंग निकराचा असेल तर 999 वर दूरध्वनी करा. गावाकडील आप्तांसाठी भारत सरकारची 'टेलि-मानस' सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. औषध कोणते द्यावे हे आम्ही ठरवू; पण तो माणूस आमच्या दारापर्यंत पोहोचतो की नाही, हे आपल्या हाती आहे.