बंदची नोटीस लागण्याआधी



पगारवाढीच्या बोलण्यात युनियनच्या हाती संप असतो. काम थांबलं की ऑर्डर अडते, म्हणून मालक टेबलाशी येतो. पण ज्याला कारखाना बंदच करायचाय, त्याला संपाची भीती कसली? १८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आधीच रडतखडत चाललेल्या गिरण्यांच्या मालकांना तो मिटवायची फारशी घाई नव्हती.

मग हातात उरतं काय? एक तर परवानगी. मोठा कारखाना बंद करायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही अट पूर्वी १०० कामगारांपासून होती. औद्योगिक संबंध संहितेनं ती ३००वर नेली. अर्जानंतर ६० दिवसांत सरकार गप्प राहिलं, तर परवानगी मिळाली असंच धरतात. तेव्हा त्या ६० दिवसांत गेटवरच्या घोषणांपेक्षा मंत्रालयाच्या खेपा कामाला येतात.

व्यवस्थापनाला ही भानगडच नको असते. म्हणून नोटीस बोर्डावर आधी व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचा, कागद लागतो. सगळ्यांनीच राजीनामे दिले, तर परवानगी मागायची कुणासाठी?

आता जरा हिशेब करू. कायद्यानं बंदची भरपाई नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. म्हणजे २० वर्षं घासलेल्याला जेमतेम दहा महिन्यांचा. त्यापुढे व्हीआरएस घसघशीत दिसते. तिचा एक प्रचलित हिशेब म्हणजे गुजरात पॅटर्न: झालेल्या वर्षाला ३५ दिवस, उरलेल्या वर्षाला २५ दिवस, मात्र एकूण रक्कम निवृत्तीपर्यंतच्या पगाराहून जास्त नाही. निवृत्ती ५८ला धरा. पंचावन्न वर्षांच्या, तीस वर्षं नोकरी झालेल्या फिटरला उरलेल्या तिन्ही वर्षांचा पगार घरबसल्या मिळतो. पस्तिशीतल्या, दहा वर्षं झालेल्या पोराला मिळतात ९२५ दिवस, जेमतेम अडीच वर्षं. आणि पुढची तेवीस वर्षं तशीच उभी. एक म्हणतो, सही करा. दुसरा म्हणतो, लढा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. युनियन फुटते ती इथे, आणि समोरच्या एचआरवाल्यांना हे आधीपासून ठाऊक असतं. वर ग्रॅच्युइटीही पॅकेजमध्ये धरून आकडा फुगवतात. अहो, ती तर आधीच कमावलेली!

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये मात्र वेगळं घडलं. १९८५मध्ये कारखाना बंद पडला, तर युनियननं भरपाईचा सौदा करण्याऐवजी कारखानाच चालवायला मागितला. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती योजना मान्य केली. कामगारांनी पदरचे पैसे घातले, कमी पगार घेतला, सहकारी पद्धतीनं उत्पादन सुरू केलं. पुढे तोही अडचणीत आला, हे खरं. सगळीकडे हे जमेल असं मी म्हणणार नाही. पण कारखाना चालवायला मागणाऱ्याला जमाखर्च वाचावाच लागतो, आणि युनियन नेमकी तिथेच कमी पडते.

म्हणून माझ्या मते पहिल्या बैठकीत आकडा बोलूच नये. आधी ताळेबंद मागावा, बँकेचं देणं विचारावं, पीएफ खरोखर भरलाय का ते पाहावं. आणि जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड. मुंबई-ठाण्यात कारखाना तोट्यात असतो, जमीन नसते. मालक बोलतो तोट्याबद्दल.

समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार युनियनबाहेरच्या कामगारांनाही बांधतो. तेव्हा त्यात हप्त्यांच्या तारखा आणि उशीर झाल्यास व्याज लिहून घ्यावं. राजीनामे मात्र चेक वटेपर्यंत युनियनच्या कपाटात ठेवावेत.