पुरणाच्या पावाचा महावीर



चित्रकथांतला महावीर म्हटला की पोलादी देहाचा, आकाशात झेपावणारा अमेरिकन पुरुष डोळ्यांपुढे उभा राहतो. आज ज्याची ओळख करून देणार आहे, त्याचे डोके मात्र पावाचे आहे! जपानात कडधान्याचे गोड पुरण भरलेल्या पावाला ‘अनपान’ म्हणतात. त्यावरून याचे नाव अनपानमान. कोणी भुकेला भेटला, की हा आपल्याच चेहऱ्याचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवतो. डोके भिजले की याची शक्ती जाते. मग जामकाका भट्टीतून नवे डोके काढून देतात.

हसू येते ना? पण याचे जनक ताकाशी यानासे (१९१९–२०१३) हे दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून चीनमध्ये होते. तेथे त्यांनी भूक भोगली. धाकटा भाऊ युद्धात गमावला. युद्ध सरले आणि कालचा न्याय आज अन्याय ठरला. मग कधीही न उलटणारा न्याय कोणता? भुकेल्याला घास देणे, हे त्यांचे उत्तर.

१९७३ साली अनपानमानचे चित्रपुस्तक निघाले. चेहरा खाऊ घालणे मोठ्यांना क्रूर वाटले. बालवाडीतल्या मुलांनी मात्र त्याला आपलेसे केले. १९८८ साली दूरचित्रवाणीवर त्याची मालिका सुरू झाली, तेव्हा यानासे ६९ वर्षांचे होते.

गुद्दा यालाही मारता येतो. पण इतर वीर शत्रूला लोळवून मोठे होतात. हा स्वतः उणा होऊन मोठा होतो. दुसऱ्याचे भले करायचे, तर स्वतःला थोडी झळ लागायचीच. एवढे मुलांना कळले, तरी त्या पावाचे सार्थक झाले.